ऊन हळद खातं

हिरडा बसला.
आटपाडीच्या डाळिंबांची सालं बसली.
गंजके खिळे गुळाच्या पाण्यात तीन आठवडे कुजवले,
त्यांचा काळा तर असा बसला
की बादली अजून काळीच आहे.
हळद तेवढी बसेना.
आणि मी राहते सांगलीत.

तुरटी लावून पाहिली, ताक लावून पाहिलं,
कुणीतरी सांगितलं म्हणून केळीच्या खुंटाचा रस.
दोन ओढण्या पुण्याहून परत आल्या,
घडीच्या आत पिवळ्या, वर फिकट,
काविळीतून उठलेल्या माणसासारख्या.
मिरजेची शहनाज बागवान माझ्या कापडांना काठ शिवते.
म्हणाली, कच्चा रंग आहे ताई, सोड त्याचा नाद.

आईला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळद निवडली तिनं,
गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, कणी वेगळी.
संध्याकाळी घरी यायची
नखांपासून पापण्यांपर्यंत पिवळी.
पातळ धुऊन गच्चीवर टाकायची,
दुसऱ्या दुपारी ते पुन्हा आपल्या मूळ रंगावर.
"ऊन हळद खातंय की," ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, शेळी पाला खाते.

एप्रिलात तासगावला लग्न होतं, दोन दिवस.
हळदीत बुडवलेलं मांजरपाट गच्चीवर तसंच राहिलं,
त्यावर शेजारच्या शेवग्याची डहाळी मोडून पडलेली.
आलो तेव्हा कापड पांढुरकं, ताकाच्या निवळीसारखं.
डहाळी उचलली
तर डहाळी तिथंच.
पिवळी. एकूणएक पान, देठाचा बाक,
अळीनं कुरतडलेली एक कडासुद्धा.

मी ओरडलेच.
आई जिन्यात धापा टाकत वर आली, कापड बघितलं, मला बघितलं.
"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली बघा ही."

तेव्हापासून ठसे मी करत नाही, ऊन करतं.
मी फक्त जुन्या खिडकीची काच आणते, चार विटा,
आपटा, कढीलिंब,
रुळांच्या कडेचं गाजरगवत,
ज्याचं चित्र कुणी कशावर काढत नाही.
उन्हाळ्यात दीड दिवस. थंडीत चार.
श्रावणात नुसतं आभाळाकडे बघत बसायचं.

शहनाजनं विचारलं, विकणार कसं हे?
भिंतीवर लावलं की उरलेलंही ऊन खाणार.
बघून बघूनच संपेल की गं.

खरं होतं. रात्रभर डोक्यात तेच.
मग हरिपूरचा मामा आठवला, पेवात उतरायचा तो.
आधी दोरीला कंदील, कंदील विझला नाही तर मग आपण.
खाली काळोखात दोन-दोन वर्षं पडलेली हळद
वर यायची ती कालच शिजवल्यासारखी.

आता प्रत्येक कापडासोबत मी काळी पिशवी देते, नाडीची.
शहनाज शिवते, कुरकुरत.
सणासुदीला काढा, मी सांगते,
मन भरेपर्यंत बघा, आणि परत पेवात.

परवा आईनं काचेखालची माझी पानं बाजूला सारली.
"पानं पानं काय करतीस. ती पडत्यातच."
पदराची गाठ सोडून हळकुंडं काढली.
सवयीनं एक वाकडं बाजूला टाकलं,
मग परत उचलून तेही मांडलं.
काच नको म्हणाली,
हळकुंडाला वजन असतंय.

दुसऱ्या दिवशी कलत्या दुपारी दोघींनी उचलली ती.
फिकट कापडावर पाच,
आखूड, पेरापेरांची,
ते वाकडं अंगठ्याच्या जागी.

आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "झाक आता.
ऊन लागतंय."